रानभाज्या कोण आणतं, कोणाला काय माहीत असतं: नाशिक जिल्ह्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की नाशिक शहरात रानभाज्यांचे वाटे दिसू लागतात आणि त्याबरोबर तेच तेच प्रश्न येतात. बहुतेक प्रश्न भाजीबद्दल असतात, ती आणणाऱ्या बाईबद्दल फार थोडे. इथे दोन्हींची उत्तरं दिली आहेत, पण जोर दुसऱ्या बाजूवर आहे.

नाशिकच्या बाजारात येणाऱ्या रानभाज्या कुठून येतात?

मुख्यतः जिल्ह्याच्या पश्चिमेकडून: पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, तसंच दिंडोरी आणि कळवणच्या डोंगराळ भागातून. सह्याद्रीला लागून असलेल्या या पट्ट्यात पाऊस दणकून पडतो. निफाड, येवला, सिन्नरकडे तो झपाट्याने कमी होतो, त्यामुळे तिथे बांधावरच्या भाज्या मिळतात, डोंगरातल्या फारशा नाहीत. पश्चिम पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, कातकरी आणि भिल्ल समाजांची वस्ती आहे. भात, नागली, वरई ही पिकं आणि रान, या दोन्हींवर इथल्या घराचं वर्ष चालतं.

गोळा कोण करतं? बायकाच का?

फक्त बायका नाही. पण रोजच्या भाकरीबरोबर जे लागतं, ते बहुतेक बायकाच आणतात. पालेभाज्या, कोवळे कोंब, फुलं, शेंगा, उथळ जमिनीतले कंद ही त्यांची कामं. टाकळा, कुरडू, माठ, आघाडा, तेरा (रानअळू) या भाज्या शेताच्या बांधावर, पाड्याच्या कडेला आणि पायवाटेवर उगवतात. आवणीहून, म्हणजे भातलावणीहून, परतताना बाई ओटीत भाजी खुडत येते. त्यासाठी वेगळी फेरी नसते आणि म्हणूनच या कामाची मोजदादही होत नाही.

पुरुषांकडे साधारणपणे झाडावर चढण्याची, खोल खणण्याची आणि तोडण्याची कामं येतात. आग्या मोहोळाचा मध, उंच फांद्यांवरचा कोरळाचा पाला, बांबू, पहारीने काढावे लागणारे कंद. फांदी तो तोडतो आणि खाली पाला खुडणारी, निवडणारी, शिजवणारी ती असते. अळंबी ज्याला दिसेल तो काढतो. वारुळाजवळची जागा मात्र घरातल्या घरातच ठेवतात, शेजाऱ्यालाही सांगत नाहीत.

मोहाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, सगळं घर कामाला लागतं. फुलं पहाटे गळतात, त्यामुळे बायका आणि मुलं उजाडायच्या आत झाडाखाली पोचतात. वेचणं, वाळवणं, साठवणं बायकांकडे. पोती भरून व्यापाऱ्याकडे न्यायची वेळ आली की पुष्कळदा पुरुष पुढे येतात. माझं निरीक्षण सांगायचं तर वाटणीची खरी रेघ इथेच आहे. जोवर वस्तू घरात खायची असते तोवर ती बाईची असते, तिला भाव आला की तिचा धनी बदलतो.

मुलांचं खातं वेगळं: करवंदं, जांभळं, आळू (हे फळ, भाजीचा अळू नव्हे), टेंभुरणी. गुरांमागे फिरताना ही फळं त्यांनाच आधी सापडतात.

ही वाटणी नैसर्गिक आहे का? बायकांना झाडं-पानं उपजतच कळतात असं म्हणतात.

नाही. हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण त्यात बाईच्या कष्टाने मिळवलेल्या विद्येला तिचा स्वभाव ठरवलं जातं. ज्याच्या वाट्याला जे काम येतं त्याची पारख त्याला होते, इतकं हे साधं आहे. नवरा वारला किंवा कामाला बाहेर राहिला की तीच बाई पहार घेऊन खोलवरचा कंद काढते. लहानपणी आजीमागे फिरलेल्या मुलाला भाज्या पुढेही ओळखता येतात. उलट पाड्यावर वाढलेली, पण रानात कधी न गेलेली मुलगी शेवळा आणि त्याच्यासारखं दिसणारं दुसरं कोंब यांत गोंधळते.

वाटणी गावोगाव बदलतेही. रस्त्यालगतच्या गावात विक्रीला बसणं हे बायकांचं काम झालं आहे, तर आत डोंगरातल्या पाड्यावर माल रस्त्यापर्यंत पुरुष आणून देतात.

या ज्ञानात नेमकं असतं काय? भाजी ओळखणं एवढंच ना?

ओळखणं ही पहिली पायरी. त्यापुढे कधी, कुठून, किती, कोणता भाग, त्याचं काय करायचं आणि कोणाला द्यायचं नाही, हे सगळं येतं. चार उदाहरणं देतो, कारण हे नुसतं सांगून समजत नाही.

*शेवळा.* मेच्या अखेरीस, वळवाच्या सरींनंतर जमिनीतून वर येतो. सुरणाच्या कुळातला. खाजरा असतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तो चिरताना हाताला तेल लावतात. कोणता भाग टाकायचा हे ठरलेलं असतं आणि शिजवताना काकडाची आंबट फळं घालतात. काकड हे झाड आहे, खिऱ्याच्या काकडीशी त्याचा संबंध नाही. ते नसेल तर चिंच किंवा आमसूल. शेवळा आणि काकड एकाच दिवसांत मिळतात, आणि नाशकात शेवळा विकणाऱ्या मावशीच्या टोपलीत काकडाचा छोटा ढीग असतोच. तो न घेता फक्त शेवळा घेऊन जाणारी गिऱ्हाईकं दुसऱ्या दिवशी घसा धरून येतात.

*कडूकंद.* हे सगळ्यांत अवघड काम. काही रानकंद कच्चे खाल्ले तर विषारी असतात. बायका ते सोलून पातळ काप करतात, राखेच्या पाण्यात उकळतात आणि टोपलीत घालून वाहत्या ओढ्यात ठेवतात. पाणी किती वेळा बदलायचं, काप केव्हा खाण्याजोगे झाले हे जिभेच्या टोकावर चव घेऊन ठरवतात. आषाढात घरातलं धान्य संपत आलेलं असताना या कंदांनी कुटुंबं तगवली आहेत. प्रयोगशाळा नसताना विष काढून टाकण्याची पद्धत ज्यांनी बसवली, त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. मला या साऱ्या विषयातली सर्वांत मोठी उणीव ही वाटते.

*करटोली.* हिच्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळी. फळ फक्त मादी वेलीला धरतं. जमिनीत गड्डा असतो आणि पावसाळ्यात वेल त्याच जागी पुन्हा फुटते, म्हणून कुठल्या झुडपात मादी वेल आहे हे बायकांच्या डोक्यात पक्कं असतं. नर वेल फळ देत नाही म्हणून उपटली तर शेजारच्या मादी वेलीवरही फळ धरणार नाही, हेही त्यांना ठाऊक असतं. शहरात कुंडीत एकच वेल लावून फळाची वाट बघणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

*चाई.* हिचाही नर वेगळा, मादी वेगळी. भाजी करतात ती नर वेलीच्या फुलोऱ्याची, लोंबत्या तुऱ्यांची. वेलीखाली कंद असतो, तो थंडीत काढतात. म्हणजे एकाच वेलीवर दोन हंगाम येतात. श्रावणात तुरे खुडायचे, पण वेल ओढून काढायची नाही, कारण थंडीत कंद कुठे आहे हे वाळलेल्या वेलीवरूनच सापडतं.

बांबूच्या कोंबाबद्दल थोडक्यात: कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. चिरून पाण्यात भिजवणं आणि ते पाणी फेकून उकळणं ही नुसती चवीची बाब नाही.

मग भगत आणि वैदू? औषधी वनस्पतींची माहिती पुरुषांकडेच असते ना?

भगत बहुधा पुरुष असतो. त्याच्याकडचं ज्ञान थोडं गुप्त असतं, चेल्याला देतात, विधींशी जोडलेलं असतं. बाळंतिणीला काय द्यायचं, दूध वाढायला काय, मुलाच्या पोटात दुखलं तर कशाचा काढा, हे सुईणींकडे आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडे असतं. नोंद घ्यायला कोणी आलं की गाव त्याला भगताकडे नेतं, कारण जाणकार म्हणून गावात त्याचं नाव असतं. चुलीपाशी बसलेल्या आजीला कोणी बोलावत नाही, आणि तिलाही हे सांगण्यासारखं काही आहे असं वाटत नाही. अशा नोंदींच्या यादीत कुडा, हिरडा, बेहडा, सफेद मुसळी येतात. टाकळ्याचं पान नेमकं कोणत्या आठवड्यात खुडलं तर चरबरीत लागत नाही, हे राहून जातं.

मुली हे शिकतात कशा?

मागे मागे फिरून. वेगळा वर्ग नसतो. पाच-सहा वर्षांची मुलगी आईबरोबर जाते, चुकीचं पान खुडलं की आई ते टाकून देते, का टाकलं हे कधी सांगते, कधी नाही. दोन-तीन पावसाळ्यांत हात बसतो. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की तिथली रानं सासू दाखवते. माहेरची एखादी पद्धत तीही घेऊन जाते, आणि अशी एका डोंगराची पाककृती दुसऱ्या डोंगरावर पोचते. हे ज्ञान गावागावांत पसरवलं ते सासरी गेलेल्या मुलींनी. याचा विचार फार कमी होतो.

आता का तुटतंय? मुलींना आवड राहिली नाही का?

आवडीवर ढकलणं सोपं आहे. दिनदर्शिका बघा. आदिवासी मुलं मोठ्या संख्येने आश्रमशाळेत राहून शिकतात. उन्हाळ्याची सुट्टी मेमध्ये आणि शाळा जूनच्या मध्याला सुरू. म्हणजे मोहाची टोळंबी (फळं), करवंदं, आंबे या दिवसांत मुलगी घरी असते, आणि पहिल्या पावसाने रानभाजी उगवू लागते तेव्हा ती वसतिगृहात परतलेली असते. टाकळा, फोडशी, कुरडू, चाई, करटोली हे सगळे हंगाम तिच्या गैरहजेरीत निघून जातात. दहा वर्षं असं झालं की फळं ओळखणारी, पण पालेभाजी न ओळखणारी पिढी तयार होते. दोष मुलीचा नाही आणि शिक्षणाचाही नाही. जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी गावातल्या दोन जाणत्या बायकांना आश्रमशाळेत बोलावून मुलांना आसपासच्या माळावर फिरवलं आणि त्या बायकांना मानधन दिलं, तरी पुष्कळ साधेल.

दुसरं कारण स्थलांतर. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी, निफाड, नाशिककडे येतात. थंडीतले कंद काढण्याचे दिवस तिकडेच जातात. मजुरी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण कंदांचं ज्ञान पालेभाज्यांच्या आधी का विरळ होत चाललं आहे, याचं उत्तर बागेच्या मजुरीत आहे.

इतक्या बायका भाजी खुडतात, जंगल संपत नाही का?

पान, फुलोरा आणि फळ खुडल्याने सहसा नाही, मूळ उपटल्याने हो. घरापुरतं खुडणाऱ्या बाईला पुढच्या वर्षी तिथेच यायचं असतं, त्यामुळे ती थोडं मागे ठेवते. मोठा कंद काढला की त्याचा शेंड्याकडचा तुकडा पुन्हा मातीत दाबण्याची रीत आहे. पुष्कळ पाड्यांवर पहिल्या पावसानंतरची भाजी देवाला दाखवल्याशिवाय कोणी खात नाही. त्यामुळे अगदी कोवळी रोपं उगवताच ओरबाडली जात नाहीत. धोका बाहेरच्या मागणीचा आहे. सफेद मुसळीची मुळं व्यापारासाठी खणून काढल्याने ती रानात दुर्मीळ झाली, कारण मूळ काढलं की रोपच जातं. शेवळ्याला शहरात भाव वाढला तर तिथेही हेच होऊ शकतं. वणवे आणि तणनाशकं यांचाही फटका मोठा आहे: बांधावर तणनाशक मारलं की टाकळा, कुरडू, माठ एका फवारणीत जातात. फवारणीचा निर्णय घरात कोण घेतं आणि बांधावरची भाजी कोण आणतं, हे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहा.

जंगलात जाऊन गोळा करायला परवानगी लागते का?

स्थानिक आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींसाठी कायदा स्पष्ट आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ग) नुसार पूर्वापार गोळा होत आलेलं गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातून मिळणारा माल, गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा आणि त्यावर मालकीचा हक्क त्यांना आहे. बांबू, मध, तेंदूपत्ता, औषधी वनस्पती, मुळं, कंद हे सगळं त्यात धरलं आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनी या गोळा करण्यावर कसलंही शुल्क किंवा स्वामित्वधन लावता येत नाही हेही नमूद केलं. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि शेजारच्या तालुक्यांतली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेखाली आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रात येतात, तिथे १९९६ चा पेसा कायदा (पंचायत व्यवस्था अशा क्षेत्रांना लागू करणारा) आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम ग्रामसभेला गौण वनोपजावर अधिकार देतात.

शहरातून सहलीला जाणाऱ्यांना हा हक्क नाही.

या हक्कात बाईचं नाव असतं का?

कायद्यात आहे. कलम ४(४) प्रमाणे विवाहित व्यक्तीला मिळालेला वनहक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो, आणि एकट्या बाईच्या नावेही हक्क मिळू शकतो. गावच्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. ग्रामसभेच्या बैठकीत हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश महिला असाव्यात अशीही अट आहे.

कागदावरची संख्या आणि बैठकीत बोलणं यांत मात्र अंतर आहे. सामूहिक वनहक्काचा दावा भरताना सीमा कोणती, नाला कोणता, बांबूचं बन कुठे हे पुरुष सांगतात. करटोलीच्या झुडपांची टेकडी, कंद धुण्याचा ओढा, मोहाची झाडं कोणत्या घराने वेचायची याची जुनी समज हे बायकांना विचारल्याशिवाय नकाशावर येत नाही, आणि दाव्यात नसलेली जागा पुढे वादात सहज हातची जाते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो शेतकऱ्यांचा मोर्चा चालत गेला, त्याच्या मुख्य मागण्यांत वनहक्क होते आणि त्यात आदिवासी बायका मोठ्या संख्येने होत्या. चालायला बायका आणि नकाशा काढायला पुरुष, हे पुढे चालू राहू नये.

भाजी विकून आलेला पैसा कोणाकडे राहतो?

बाई स्वतः बसून विकते तेव्हा बहुधा तिच्याकडे. मीठ, तेल, मुलांची वही यांत तो जातो. रक्कम छोटी असते, पण ती कोणाला विचारून खर्च करावी लागत नाही. दलालाने पहाटे एसटी थांब्यावरच टोपली उचलली तर तिला भाव कमी मिळतो, आणि तरीही काही जणी देतात, कारण संध्याकाळी घरी पोचून चूल पेटवायची असते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याने शहरापर्यंत येणं थोडं परवडू लागलं. पण बसायला हक्काची जागा, सावली आणि स्वच्छतागृह हा प्रश्न तसाच आहे. रस्त्याच्या कडेला वाटा मांडून दिवसभर पाणी कमी पिणारी बाई आपल्याला दिसत नाही, कारण आपण भाजी बघत असतो.

आदिवासी विकास महामंडळाचं मुख्यालय नाशकातच आहे, पण त्याच्या खरेदीचा रोख सुकवून साठवता येणाऱ्या, पोत्याने मोजता येणाऱ्या मालावर असतो. दुसऱ्या दिवशी कोमेजणारी भाजी तिथे बसत नाही.

रानभाजी महोत्सवांचा उपयोग होतो का?

होतो, मर्यादित. कृषी विभाग ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत हे महोत्सव भरवतो. शहरातल्या लोकांना भाज्या दिसतात, बायकांना थेट गिऱ्हाईक मिळतं. माझी एक मागणी आहे: टेबलावरच्या पाटीवर भाजीचं नाव आणि शास्त्रीय नाव असतं, त्याखाली ती आणणाऱ्या बाईचं आणि तिच्या पाड्याचं नावही, तिची हरकत नसेल तर, लिहावं. मंचावर सत्कार करायचा तर तिचा आधी करावा.

मी स्वतः जाऊन खुडू का? मोबाइलवर ओळखता येतं.

मोबाइलवर विसंबून खाऊ नका. कळलावी दिसायला देखणी असते आणि तिचा कंद जीवघेणा असतो. अळंबीच्या बाबतीत तर जाणत्या माणसाने काढलेली नसेल तर हातही लावू नये.

मी विद्यार्थी आहे. या ज्ञानाची नोंद करायची आहे. सुरुवात कुठून करू?

परवानगीपासून. जैवविविधता कायदा, २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तिथे आधी जा, काय लिहिलं आहे ते वाचा. बऱ्याच नोंदवह्यांत झाडांची लांबलचक यादी असते आणि पाककृती, प्रक्रिया, हंगामाची समज यांची पानं कोरी असतात. तुमचं काम तिथे आहे.

बायकांशी बोलायचं तर ग्रामपंचायतीच्या खोलीत बोलावू नका. भाजी निवडताना, किंवा रानात बरोबर चालताना बोला. आवणीच्या दिवसांत वेळ मागू नका, मागितलाच तर त्यांची दिवसाची मजुरी द्या. सासू आणि सून एकत्र बसल्या की सून गप्प राहते, त्यामुळे दोघींशी वेगवेगळं बोला. त्यांच्या बोलीतलं नाव आधी लिहा, तुमचं नंतर. औषधी उपयोग कोणी सांगायला तयार नसेल तर पुन्हा विचारू नका, तो न सांगण्याचा हक्क तिचा आहे. आणि जे लिहिलं ते गावात परत जाऊन मोठ्याने वाचून दाखवा. चुका बायका जागेवरच दुरुस्त करतील, आणि एखादीने आपलं नाव काढायला सांगितलं तर काढा.

बाजारात भाजी घेताना काय विचारावं?

भाव पाडू नका. तीन गोष्टी विचारा: कोणता भाग घ्यायचा आणि कोणता टाकायचा, आधी उकळून पाणी फेकायचं का, आणि सोबत आंबट काय घालायचं. मावशी घाईत नसतील तर आपल्या पाड्याचं नावही सांगतील. घरी जाऊन त्यांनी सांगितलं तसंच करा, पहिल्या वेळी मसाल्यात प्रयोग नको.